गाडी नेमकी केव्हा तापते?
जुन्या मोटारीच्या शीतकरण यंत्रणेतील दोष कसा ओळखावा

उन्हाळा सुरू झाला की बोरघाटात, कसारा घाटात किंवा महाबळेश्वरच्या चढणीवर बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या मोटारी दिसू लागतात. त्यांत जुन्या गाड्यांचे प्रमाण अर्थातच अधिक असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तर मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने २०२३ मध्ये निरोप घेतला. तरीही या पिढीतील अनेक गाड्या हौसेने वा गरजेपोटी आजही वापरात आहेत. अशी गाडी तापू लागली की मालक गॅरेज गाठतो. तेथे आधी थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग पंप असे एकेक सुटे भाग बदलले जातात आणि हजारो रुपये खर्चूनही काटा पुन्हा तांबड्या रेषेकडे सरकतोच. याचे कारण असे की तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. गाडी नेमक्या कोणत्या परिस्थितीत तापते, हे आधी ठरवले तर रोगाचा माग बहुधा अल्प खर्चात लागतो.

यंत्रणेचे कार्य

इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता शीतकरण यंत्रणेला बाहेर टाकावी लागते. इंजिनाभोवतीच्या पोकळीत पंपाने फिरवलेले पाणी ही उष्णता शोषून घेते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहताना ती हवेला देते आणि पुन्हा इंजिनात परतते. इंजिन थंड असेतो थर्मोस्टॅटची झडप रेडिएटरकडे जाणारी वाट रोखून धरते. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ती उघडू लागते.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यातील स्प्रिंग यंत्रणेत दाब टिकवून धरते. सुमारे ०.९ बार इतका दाब असला की पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून जवळपास ११८ अंशांवर जातो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हा आधार नाहीसा होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. त्यामुळे सपाटीवर निमूट चालणारी गाडी निकामी झाकणापायी घाटात उकळू शकते.

तापण्याची वेळ हीच खूण

सिग्नलला वा वाहतूक कोंडीत काटा चढतो, पण गाडी वेगाने धावू लागली की खाली येतो, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा पंख्याची उणीव भरून काढतो; गाडी थांबली की ती उघडी पडते.

याउलट शहरात ठीक असलेली गाडी महामार्गावर सतत वेगात किंवा चढणीवर तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे असे समजावे. क्षारांनी चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होस पाइप ही त्याची नेहमीची कारणे होत.

गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा झपाट्याने वर जात असेल, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट फुटले आहे, अशा तीन शक्यता उरतात. इग्निशनची खटका दाबताच काटा टोकाला जाऊन चिकटत असेल, तर दोष इंजिनात नसून सेन्सरमध्ये वा वायरीत असतो.

आधी थंड इंजिनाची तपासणी

निदानाचा आरंभ रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून करावा. झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे की नाही ते पाहावे. केवळ बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीतील पातळीवर विसंबू नये. झाकण नीट दाब धरत नसेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, अशी स्थिती संभवते. पाणी तांबूस, गंजाळ असेल तर आत गाळ साचला आहे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे हे गंभीर लक्षण होय.

पाणी वारंवार कमी होत असेल तर गळती शोधावी. होस पाइपांची टोके, रेडिएटरचे सांधे, पंपाखालचे बारीक छिद्र आणि हीटर असल्यास पायाजवळचा गालिचा तपासावा. पंपाच्या छिद्रातून ओघळ आलेला दिसला तर पंपाचे सील गेले आहे. होस पाइप दाबून पाहावेत. ते पिचपिचीत लागले किंवा त्यांवर भेगा दिसल्या तर विनाविलंब बदलावेत.

पट्टा आणि पंखा

पद्मिनी आणि जुन्या अॅम्बॅसिडरमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. पट्टा सैल असेल तर पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. अनेक जुन्या गाड्यांत पंप आणि विद्युतजनित्र एकाच पट्ट्यावर चालतात. अशा गाडीत तापमानाचा काटा चढत असतानाच बॅटरीचा दिवाही लागला तर पट्टा तुटला असे निःशंक समजून गाडी थांबवावी.

मारुती ८०० सारख्या गाडीत पंखा विजेवर चालतो. गाडी उभी ठेवून इंजिन सुरू ठेवावे. काटा मध्याच्या वर गेल्यावर पंखा आपोआप फिरायला हवा. तो फिरला नाही तर इंजिन बंद करून रेडिएटरजवळच्या तापमान-स्विचच्या दोन वायरी सुट्या कराव्यात, त्यांची टोके एकमेकांना जोडावीत आणि पंख्यापासून हात दूर ठेवून इग्निशन सुरू करावे. दोन वायरींच्या स्विचमध्ये ही साधी कसोटी पुरते. पंखा फिरू लागला तर स्विच नादुरुस्त आहे. न फिरल्यास फ्यूज, रिले आणि शेवटी मोटर तपासावी. स्विचची किंमत मोटरच्या तुलनेत किरकोळ असते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

थर्मोस्टॅट आणि रेडिएटर

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही होऊ शकते. तो काढून जुन्या भांड्यातील पाण्यात तापमापकासह गरम करावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली पाहिजे. आपल्याकडे थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची प्रथा आहे. ती घातक आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला येण्यास विलंब लागतो, इंधन अधिक जळते, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो.

रेडिएटर आतून चोंदला आहे का, हे पाहण्यासाठी इंजिन पूर्ण तापवून बंद करावे आणि जाळीवरून तळहात जपून फिरवावा. एखादा पट्टा भोवतालपेक्षा स्पष्टपणे थंड लागला तर तेथील नळ्यांतून पाणी वाहत नाही. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाड्यांत हा दोष विशेषत्वाने आढळतो. बाहेरून जाळीत अडकलेला चिखल आणि किडे इंजिनाच्या बाजूने पुढे पाण्याचा मंद झोत सोडून काढावेत. जोरदार झोताने पाती वाकतात.

सर्वांत शेवटी हेड गॅस्केट

रेडिएटरमधील पाण्यात इंजिन सुरू असताना सतत बुडबुडे येणे, थंड इंजिन सुरू करताच वरचा होस पाइप दगडासारखा कडक होणे, गळती नसताना पाणी घटणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येणे आणि इंजिन ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत. मात्र ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा थोडासा पांढुरका थर, विशेषतः पावसाळ्यात आणि जवळच्या फेऱ्यांनंतर, निव्वळ बाष्पाचाही असू शकतो. त्यामुळे हेड उतरवण्यास संमती देण्यापूर्वी गॅरेजमध्ये दाबचाचणी आणि रेडिएटरमधील जळित वायूची रासायनिक चाचणी करवून घेण्याचा आग्रह धरावा. या चाचणीत निळा द्रव पिवळा पडला तर निदान पक्के झाले.

रस्त्यात गाडी तापल्यास

काटा चढू लागताच एसी बंद करावा; हीटर असल्यास तो पूर्ण वेगाने सुरू करावा, कारण तोही एक लहानसा रेडिएटरच आहे. काटा तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ या मोहातच अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि झाकणाच्या वा पट्ट्याच्या खर्चात भागणारे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. तांबड्या रेषेला भिडलेला काटा वाफ निघत असताना अचानक खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये. सेन्सरभोवतीचे पाणी संपले की तो खरे तापमान दाखवीत नाही.

गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी कारंज्यासारखे उसळते आणि तोंड, हात भाजतात. किमान अर्धा तास थांबावे, वरचा होस पाइप मऊ लागल्यावरच जाड फडके धरून झाकण आधी अर्धे फिरवावे आणि वाफ जाऊ द्यावी. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्याने धातूला तडा जाऊ शकतो. पाणी थोडे थोडे घालावे.

दुरुस्तीनंतर नळाच्या वा बोअरवेलच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातील मिश्रण भरावे. कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले कूलंट मुले आणि जनावरे यांच्या वाटेत राहू देऊ नये. आणि गॅरेजमध्ये गाडी देताना ‘गाडी तापते’ एवढेच न सांगता ती केव्हा, कोठे आणि किती वेळाने तापते, पाणी किती घटते, पंखा फिरतो की नाही, हे कागदावर लिहून द्यावे. कुशल फिटरचे अर्धे काम तेवढ्याने होते.