अमेरिकेत शिकायचं असेल तर अकरावीत गणित सोडू नका

डहाणू-तलासरीतली बरीच मुलं-मुली दहावीनंतर गणित अवघड म्हणून सोडतात. पुढे अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात अर्ज करायचा झाला, की तेच नडतं.

विषय : कॅल्क्युलसपर्यंत गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी शिकलेलं असावं, असं एमआयटी सुचवते. राज्य मंडळाच्या बारावी सायन्सच्या गणितात कॅल्क्युलस आहेच. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेता येतात.

गुण : नववी ते बारावीचे गुण पाहिले जातात. गुणपत्रिका जपून ठेवा. शाळेत जे विषय मिळतात, त्यातून काय निवडलं हेही बघतात.

खर्च : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत. गरजेनुसार मिळणारी मदत अनुदान असते, कर्ज नव्हे. म्हणजे त्यात व्याजाचा प्रश्नच नाही.