ऑटिझम असलेल्या मुलांची शाळा: सुरुवात कशी झाली?

"डॉक्टर, याला नेहमीच्या शाळेत घालू की विशेष शाळेत?" हा प्रश्न पालक आज विचारू तरी शकतात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून ऑटिझमचे वर्णन केले. पण पुढे कित्येक वर्षे अशा बहुतेक मुलांना शाळाच नव्हती. उलट, आईच्या कोरडेपणामुळे मूल असे झाले, असे म्हटले जाई. हे साफ खोटे होते. तरी आजही कित्येक घरांत आईलाच बोल लावतात.

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या पालकांनी स्वतःच संस्था काढली. सिबिल एल्गर या मॉन्टेसरी शिक्षिका आपल्या लंडनमधल्या घरी अशा मुलांना शिकवत. १९६५ मध्ये संस्थेने लंडनच्या ईलिंग भागात शाळा उघडली, ती त्यांच्याच हाती दिली. दिवसाचा क्रम ठरलेला, सूचना थोडक्या आणि स्पष्ट, अशी त्यांची रीत होती. शाळा बघायला जाल तेव्हा आधी हे पाहा, इमारत नंतर.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. २०१६ च्या कायद्यात ते आले. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असेल, तर ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो दाखला आधी काढून घ्या.