बेसबॉलमध्ये ओव्हरथ्रो झाला की रनरला किती बेस मिळतात?

क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू प्रेक्षकांत किंवा खेळाडू बसतात त्या डगआउटमध्ये गेला, की खेळ तिथेच थांबतो आणि पंच रनरला पुढचे बेस देतात. 'ज्या बेसकडे निघाला होता तो, आणि वर एक' असा हा नियम बरेच जण सांगतात. तो चुकीचा आहे. मेजर लीगच्या नियम ५.०६ प्रमाणे दोन बेस मिळतात. पळण्याच्या दिशेला महत्त्व नाही. उंच झेल पकडला गेल्यावर फर्स्टकडे परत धावणाऱ्या रनरलाही (फर्स्टला पाय लावल्यावर) थर्डच मिळतो.

खरी मेख आहे ती हे दोन बेस कुठून मोजायचे यात. इनफिल्डरने चेंडू अडवून लगेच, पहिल्याच प्रयत्नात केलेली फेक बाहेर गेली, तर पिचरने चेंडू टाकला त्या क्षणी रनर कुठे होता ते पाहतात. समजा फर्स्टवर रनर आहे आणि शॉर्टस्टॉपची फेक डगआउटमध्ये गेली. रनर थर्डवर, बॅटर सेकंडवर. फेकीआधी रनरने सेकंड गाठला असला तरी त्याला होम मिळत नाही. अपवाद एकच: फेकीच्या आधी बॅटरसह सगळ्यांनी किमान एकेक बेस पार केलेला असेल, तर मोजणी फेकीच्या क्षणापासून होते.

आउटफिल्डरची फेक असेल, किंवा इनफिल्डरची ती दुसरी फेक असेल, तर चेंडू हातातून सुटला तो क्षण धरतात. चेंडू मैदानाबाहेर गेला तो नव्हे. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात स्टोक्सच्या बॅटला लागून चौकार गेला, तेव्हा वाद झाला तो याच मुद्द्यावर: फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले होते का?

पिचरसाठी हिशेब वेगळा. त्याने आपल्या रबरी पट्टीवर उभे राहून रनरला बाद करायला फेकलेला चेंडू बाहेर गेला तर एकच बेस. नियमाप्रमाणे पाय मागे घेऊन पट्टी सोडली, की तोही इनफिल्डर धरला जातो आणि चूक दोन बेसला पडते.

चेंडू मैदानातच राहिला तर मात्र फुकट काही नाही. पळायचे ते स्वतःच्या जबाबदारीवर. २६ ऑक्टोबर २०१३, वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, सेंट लुईस. नववी इनिंग, ४-४ बरोबरी. बॉस्टनच्या कॅचरची थर्डकडची फेक निसटून लेफ्ट फिल्डकडे गेली, पण मैदानाबाहेर नाही. होमकडे निघालेला अ‍ॅलन क्रेग खाली पडलेल्या थर्ड बेसमनला अडखळला आणि होमवर त्याला चेंडूही लावला गेला. तरी तो नाबाद ठरला, कारण पंच जिम जॉइस यांनी अडथळा दिला. म्हणजे इथे धाव मिळाली ती ओव्हरथ्रोच्या नियमाने नव्हे, अडथळ्याच्या नियमाने. कार्डिनल्स ५-४ ने जिंकले. मालिका मात्र बॉस्टनने घेतली.