मारिकुप्पमची पहाटगाडी

आमच्या लहानपणी पूर्णेत घड्याळ पाहायची गरज पडत नसे. लोको शेडचा भोंगा झाला की अम्मी तवा चढवायची आणि अब्बा डबा घेऊन निघायचे. मीटरगेजवर कोळशाची इंजिने होती तोवर अर्धा बाजार रेल्वेच्या पगारावर चालत होता. 1990च्या दशकात रूळ रुंद झाले. 2003 साली नांदेड विभाग झाला, 2008 मध्ये अकोल्याकडचा मार्गही रुंद झाला. गाड्या वाढल्या, तक्रार त्याची नाही. पण शेडमधले काम संपले आणि आमच्या गल्लीतली सकाळ बदलली.

म्हणूनच कोलारच्या सोन्याच्या खाणींविषयी बोलताना मला सोने नंतर आठवते. आधी आठवते ती मारिकुप्पम स्टेशनवरून पहाटे बंगळुरूला निघणारी गाडी.

आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. भूगर्भाच्या हिशेबात तो कालचा पोरगा. सोने सापडते ते दक्षिणेकडच्या, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या खडकांत. परभणी आणि रायचूर हे 1956पर्यंत एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे, त्या रायचूरच्या हट्टीत आजही सोने निघते. कोलारचा पट्टा मात्र दूर, आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमेजवळ. हा मुलूख कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होता. हैदर अली जन्मला ते बुदिकोटेही इथलेच.

1799 मध्ये टिपू सुलतान पडल्यावर इंग्रजांनी म्हैसूरच्या सीमा मोजायला घेतल्या. 1802 साली लेफ्टनंट वॉरन या कामावर असताना गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात हे त्याच्या कानावर आले. त्याने बक्षीस लावले, तेव्हा उरगामच्या लोकांनी बैलगाड्या भरून माती आणली आणि त्याच्या डोळ्यांदेखत धुऊन दाखवली. पुढे वॉरनची टिपणे लव्हेल नावाच्या निवृत्त आयरिश शिपायाच्या वाचनात आली. त्याने 1870च्या दशकात म्हैसूर दरबाराकडून खाणीचा परवाना मिळवला, पण पैसा कमी पडला. 1880 मध्ये लंडनची जॉन टेलर कंपनी आली आणि माळरानावर शहर उभे राहिले. सोने शोधणारा म्हणून नाव झाले लव्हेलचे. माती धुऊन दाखवणाऱ्यांचे कुठेच नाही.

त्या शहरातली एकेक सोय खाणीसाठी झाली. 1894 मध्ये रेल्वेचा फाटा आला. पाणी बेतमंगलच्या तलावातून आणले. 1902 साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून वीज आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. साहेबांना बंगले आणि क्लब. तमिळ मुलखातून आलेल्या मजुरांना तट्ट्यांच्या एकखोली चाळी. मजूर बहुतांशी दलित होते. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथला खडक साठ अंशांच्या पुढे तापलेला. दाबाने तो अचानक फुटे, माणसे गाडली जात. जे वाचत, त्यांतल्या कितीतरी जणांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने निकामी होत.

याच खोलीत 1965 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, परदेशी सहकाऱ्यांसह, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल टिपली. आकाशातल्या गोष्टीसाठी माणूस पाताळात उतरला, याचे मला कवी म्हणून अजून नवल वाटते.

स्वातंत्र्यानंतर खाणी सरकारी झाल्या. पण सुरुवातीला टनामागे चाळीसेक ग्रॅम निघणारे सोने शेवटी तीन-चार ग्रॅमवर आले. सव्वाशे वर्षांत सुमारे आठशे टन सोने देऊन 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाण बंद झाली. हल्ली केजीएफ म्हटले की मुलांना 2018चा सिनेमा आठवतो. मी गेलो तेव्हा मला दिसले ते सायनाइडने धुतलेल्या वाळूचे डोंगर. वारा सुटला की ती धूळ घरांत शिरते, असे तिथले लोक सांगतात. सोने गेले, राख तेवढी चाळींच्या वाट्याला राहिली.

आणि राहिली गाडी. खाणीसाठी टाकलेल्या त्याच रुळांवरून हजारो माणसे रोज शंभरेक किलोमीटरवरच्या बंगळुरूला कामाला जातात. बंगारपेट लागते तेव्हा अजून उजाडलेले नसते. कन्नडमध्ये बंगार म्हणजे सोने, पण हे स्टेशन आधी बोरिंगपेट होते, एका कमिशनर साहेबाच्या नावाचे.

मारिकुप्पमच्या फलाटावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. मुलाला सोडायला आले होते. त्यांची दखनी ऐकून मला घरच्यासारखे वाटले. तीस वर्षे खाणीत उतरलो म्हणाले. मीही आमच्या गावाविषयी थोडे सांगितले. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "तुम्हारे गाँव में क्या बंद हुवा?"

"इंजनां," मी म्हणालो.

त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा केली.