बर्फातली मोटार : लिव्हरपासून टायरपर्यंत

जपानच्या ईशान्येकडील तोहोकू भागात हिवाळ्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी जीप वापरली जाई. ती बर्फ तुडवी. पण आत थंडी आणि हादरे. तोहोकू विद्युत कंपनीला मोटारीइतकी सुखद, तरीही चारही चाकांना बळ देणारी गाडी हवी होती. त्या मागणीतूनच १९७२ मध्ये सुबारूची ‘लिओन’ फोर-व्हील ड्राइव्ह एस्टेट बाजारात आली.

मात्र लिव्हर ओढल्यावरच मागची चाके जोडली जात. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. म्हणून कोरड्या रस्त्यावर जोड कायम राहिली की यंत्रणा ताणली जाई. हे भान चालकालाच ठेवावे लागे.

अमेरिकेत ‘एएमसी ईगल’च्या १९८० च्या मॉडेलने ही जबाबदारी सिलिकॉन द्रवाने भरलेल्या व्हिस्कस कपलिंगवर सोपवली. आता अशी गाडी एकाने निवडून निर्धास्तपणे जोडीदाराच्या हाती द्यावी, हे शक्य झाले.

निर्धास्तपणे? तेवढे नव्हे. अशा जोडणीची जुनी गाडी घेताना आधी वाकून टायर पाहावेत. तीन झिजलेले आणि एक कोरा असेल, तर घेरातील फरकामुळे कपलिंग सतत राबते, तापते. मग कोरड्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश फिरवावी. ती अडखळली, तर कपलिंग आखडल्याचा संशय घ्यावा.

आणि ब्रेक तर साध्या मोटारीतही चारही चाकांना लागतात. निसरड्यावर निघताना ही यंत्रणा तारते, थांबताना टायरच.