घरातल्या ओलीसाठी डिह्युमिडिफायर घेताय? खोक्यावरचा ‘लिटर’ आकडा आधी समजून घ्या

पावसाळ्यात कपाट उघडलं की कुबट वास येतो. चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी दिसते, मीठ पाझरतं, दोरीवरचे कपडे तीन दिवसांनीही सर्दच लागतात. अशा वेळी मोबाइलवर डिह्युमिडिफायरच्या जाहिराती दिसू लागतात. कुणी दीड हजारात ‘संपूर्ण खोली कोरडी’ करून देतं, तर कुणी पंचवीस हजारांचं मशीन दाखवतं. मग नेमका किती मोठा घ्यायचा?

बहुतेक जाहिराती खोलीचे चौरस फूट विचारतात. पण उत्तर फक्त चौरस फुटांत मिळत नाही. हे समजून घेण्यासाठी भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांसारखी दुसरी जागा नाही.

एकच तालुका, दोन हवामानं

भोंगवली हे भोर तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. इथे पाऊस बेताचा असतो. तिथून पश्चिमेला हिर्डोशी, वरंध घाटाकडे किंवा वेल्ह्यात केळद, मढे घाटाकडे निघालात की सह्याद्रीच्या माथ्याजवळ पाऊस कितीतरी पटींनी वाढतो. जुलैत तिथे कित्येक दिवस ऊन दिसत नाही, धुकं घरात शिरतं.

म्हणजे १० बाय १२ ची खोली दोन्हीकडे सारखीच असली, तरी तिथे लागणारं मशीन सारखं नसतं. कसं ते पाहू.

खोलीच्या हवेत पाणी असतं तरी किती?

१० बाय १२ ची आणि १० फूट उंचीची खोली म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यात सुमारे साडेएकोणीस ग्रॅम बाष्प असतं. आपल्याला ती ६० टक्क्यांवर आणायची आहे, कारण त्याच्या वर बुरशीला रान मोकळं मिळतं. ६० टक्क्यांना ते सुमारे १४ ग्रॅम होतं.

फरक पडला साडेपाच-सहा ग्रॅमचा. अख्ख्या खोलीचा हिशोब केला तर जास्तीचं पाणी भरतं फक्त २०० मिली. एक पेलाभर!

मग १२ लिटरचं मशीन कशाला? कारण हवा थांबत नाही. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या कडेतून बाहेरची दमट हवा येतच राहते. बंद खोलीतली हवा तासाला एकदा बदलली, तर दर तासाला नवा पेलाभर ओलावा आत येतो. २४ तासांचे झाले ४.८ लिटर. त्यात रात्री झोपणाऱ्या दोन माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं अर्धा ते पाऊण लिटर मिळवा. एकूण झालं साडेपाच लिटरच्या आसपास.

खोक्यावरचा आकडा आणि खरं काम

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ‘१२ लिटर प्रतिदिन’ हा आकडा बहुतेक कंपन्या ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना मोजतात. हवा जितकी कोरडी आणि थंड होत जाते, तितकं मशीन कमी पाणी काढतं. खोली ६० टक्क्यांवर आली की तेच मशीन साधारण निम्मं पाणी काढतं. म्हणून सोपा नियम लक्षात ठेवा: रोज जितकं पाणी काढायचंय, त्याच्या दुपटीचा आकडा खोक्यावर शोधा.

अमेरिकेत हाच घोळ लक्षात घेऊन २०१९ पासून चाचणीचं तापमान सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणलं गेलं. मशीन तेच राहिलं, पण ‘७० पाइंट’ची जागा ‘५० पाइंट’ने घेतली. परदेशातल्या नातेवाइकांकडचा आकडा आपल्याकडच्या आकड्याशी थेट जुळवू नका.

मग किती लिटरचा घ्यायचा?

१०० ते १२० चौरस फुटांच्या एका खोलीसाठी हा अंदाज:

- स्लॅबचं घर, दारं-खिडक्या नीट बंद होतात, भोंगवलीसारखा कमी पावसाचा भाग: १० ते १२ लिटर.
- तशीच खोली, पण घाटमाथ्याजवळ: १६ लिटर. बाहेरची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे दर तासाला येणारा पेला मोठा असतो.
- त्याच खोलीत धुतलेले कपडेही वाळवता: २० लिटर. हाताने पिळलेल्या एका बादलीभर कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं.
- जुनं घर, दारांना फटी: हिशोब ३० लिटरपर्यंत जातो. पण आधी शंभर-दोनशे रुपयांची रबरी पट्टी लावून फटी बुजवा, आकडा आपोआप खाली येईल.
- कौलारू घर, वर माळा किंवा छत नाही: मशीन घेऊच नका. कौलांमधून हवा सतत खेळत असते. कितीही मोठं मशीन आणलं तरी तुम्ही गावाची हवा वाळवत बसाल.

खोली दुप्पट मोठी असेल तर आकडाही साधारण दुप्पट करा. दोन आकड्यांच्या मध्ये अडलात तर वरचा घ्या. लहान मशीन दिवसभर धापा टाकत राहतं. किंचित मोठं मशीन ठरवलेल्या आर्द्रतेला पोचून थांबतं, मात्र त्यात आपोआप बंद होण्याची सोय आहे का, ते बघून घ्या.

हजार-दीड हजारातल्या ‘मिनी’ मशीनचं काय?

ही बहुतेक कॉम्प्रेसरशिवायची असतात आणि दिवसाला जेमतेम काही शे मिली पाणी काढतात. आपल्या हिशोबात खोलीत दोन तासांत त्याहून जास्त ओलावा येतो. बंद कपाटात ती चालतील, खोलीत नाही. कपाटासाठी तर ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे डबेही पुरतात.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी करा

१. आर्द्रता मोजा. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. तो बरोबर दाखवतो का, हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलं होईल इतकंच पाणी घाला आणि मापकासोबत घट्ट डब्यात सात-आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. मग खोलीत तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नोंद करा. आकडा ६० च्या खालीच राहत असेल तर पैसे वाचले.

२. ओल हवेतली की भिंतीतली, ते ओळखा. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे जमलं तर ओल भिंतीतून येतेय. दगड-मातीच्या जुन्या भिंती, गळका स्लॅब, जोत्यातून चढणारी ओल यांवर मशीन हा उपाय नाही. आधी गवंडी बोलवा.

३. घरातच तयार होणारी वाफ कमी करा. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत घरात २२ लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. त्यामुळे स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावा. आणि खोली घट्ट बंद करून आत शेगडी किंवा गॅस गिझर कधीही चालवू नका, ते जिवावर बेतू शकतं.

घरात एसी असेल तर आधी त्याचा ‘ड्राय’ मोड वापरून बघा. कूलर मात्र पावसाळ्यात बंदच ठेवा, तो ओलावा वाढवतो.

वीजबिल आणि रोजची देखभाल

साधारण २५० वॉटचं मशीन रोज ८ तास चाललं तर २ युनिट, महिन्याला ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग आहे. तुमचं बिल आज ८० युनिटचं असेल तर वरचे ४० युनिट त्या महाग दराने लागतील. हा हिशोब दुकानात जाण्याआधी करा.

टाकी किती लिटरची आहे, तेही पाहा. दोन लिटरची असेल तर ती भरल्यावर मशीन बंद पडतं आणि तुम्ही कामावरून येईपर्यंत खोली पुन्हा सर्द होते. नळी जोडून पाणी थेट मोरीत सोडता आलं तर उत्तम. हे पाणी पिण्यासाठी नाही, फरशी पुसायला चालेल. मशीन खोली दोन-तीन अंशांनी गरमही करतं, त्यामुळे झोपायच्या खोलीत ते दिवसा चालवणं बरं.

थोडक्यात

खोली किती मोठी, यापेक्षा तिच्यात रोज किती ओल शिरते, हे महत्त्वाचं. आधी मोजा, फटी बुजवा, गळती थांबवा आणि मग उरलेल्या ओलीच्या दुपटीचा आकडा निवडा. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर बुरशी हटवण्याचा हा खर्च नक्कीच कामी येतो. पण माळ्यावरच्या इंद्रायणीच्या पोत्यांना कीड-बुरशी लागू नये एवढीच काळजी असेल, तर उन्हात खडखडीत वाळवलेला तांदूळ आणि घट्ट झाकणाची कोठी पुरेशी आहे.