थाळनेर, मोहाची दारू आणि एक फ्रेंच जवाहिऱ्या

थ्रेड 🧵 जरा लांब आहे, निवांत वाचा.

फ्रान्सच्या शारांत नदीकाठची मध्ययुगीन गावे पाहायला जगभरातून प्रवासी जातात. जुनी गढी, दगडी चर्च आणि शेजारी कोन्याक ब्रँडीच्या भट्ट्या, असा तिथला थाट. आपल्या खान्देशातही एका नदीकाठी एक मध्ययुगीन राजधानी आहे आणि तिच्या पाठीशी दारू गाळणारा डोंगराळ मुलूख आहे. नदी तापी, डोंगर सातपुडा आणि गाव थाळनेर, ता. शिरपूर, जि. धुळे.

इ. स. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर व करवंद हा मुलूख दिला. येथूनच खान्देशच्या फारुकी सत्तेचा आरंभ झाला. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. त्याचा पुत्र नासिरखान याने असीरगड घेऊन बुऱ्हाणपूर वसवले आणि दरबार तिकडे गेला. तरीही या घराण्याचे पहिले राजे अखेरच्या विसाव्यासाठी थाळनेरलाच परत आले. त्यांच्या कबरींपैकी अष्टकोनी मकबरा अवश्य पाहावा. त्याच्या भिंतीवरील कोरीवकाम पाहताना मी तासभर तिथेच रेंगाळलो. किल्ल्याचा बराच भाग मात्र ढासळला आहे.

सतराव्या शतकात ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जात असे. त्याने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत नंदुरबारनंतर आणि चोपड्याच्या आधी थाळनेर येते. (लता मंगेशकरांचे आजोळही हेच गाव, हे जाता जाता.) २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला, आतल्या सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. त्यानंतर इंग्रजी अंमलाची दृष्टी डोंगराकडे वळली. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली.

आता भट्टीकडे येऊ.

चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचून सुकवतात, पाण्यात आंबवतात आणि मडक्यात उकळतात. वाफ पोकळ नळीतून बाहेर काढून किंवा वर थंड पाण्याचे भांडे ठेवून गार केली की दारू ठिबकते. ‘ऐन-इ-अकबरी’त ऊसाच्या रसापासून अर्क काढण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत; त्यांतली एक जवळपास अशीच आहे. कोन्याकची रीतही तत्त्वतः वेगळी नाही. तिथे द्राक्षांची वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा उकळतात आणि नंतर ती ओकच्या पिंपांत मुरते. मोहाला मुरण्याइतकी उसंत क्वचितच मिळते.

आणि इथेच दोन मुलुखांची वाट वेगळी होते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा ठरले. मक्तेदाराच्या दुकानातून कर भरलेली दारू विकत घ्या, असा सरकारचा हिशेब होता. ज्या भिल्ल, पावरा घरांत लग्नापासून देवाच्या नैवेद्यापर्यंत मोहाची धार लागे, ती घरे एका फटक्यात चोर ठरली. १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे तर मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. ही फुले दुष्काळात पोट भरण्याच्याही कामी येत, हे ध्यानात ठेवा. याउलट फ्रेंच सरकारने १९०९ मध्ये कोन्याकच्या प्रदेशाची सीमा आखून त्या नावाला संरक्षण दिले. अर्थात तिथलेही सारे सुखी नव्हते: शेतकऱ्यांना घरी दारू गाळण्याची करसवलत होती, तिचा वारसाहक्क १९६० च्या सुमारास बंद झाला.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की परकीय सरकार दुष्ट आणि मोहाची दारू म्हणजे निर्मळ संस्कृती. मलाही एके काळी तसेच वाटे. पण तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज आठवा. १९३७-३८ मध्ये, तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमत आणि दारू सोडण्याची शपथ घेत. हे वरून लादलेले नव्हते. दारूपायी दुकानदार-सावकाराकडे जमीन अडकत होती, आणि दारू सोडणे हा त्या विळख्यातून सुटण्याचा मार्ग होता. म्हणजे एकाच शतकात याच लोकांनी आपली भट्टी लपवून जपलीही आणि स्वतःच्या हातांनी विझवलीही. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्याखेरीज सातपुड्याचा इतिहास लिहिता येत नाही, असे माझे मत आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध सैल केले. त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले.

थाळनेरला जायचे असेल तर फाल्गुन-चैत्रात जा. मकबरे सकाळी पाहून घ्या आणि मग शिरपूरहून उत्तरेला, सातपुड्याच्या दिशेने निघा. मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन बसलेले कोणी भेटले, तर आधी राम राम करा, मग प्रश्न विचारा.